अर्लिस पाव्लिकचा न झालेला घटस्फोट

अर्लिस पाव्लिक माझ्या खिडकीशी आली ती घटस्फोट मागायला नव्हे. तिला झालेल्या घटस्फोटाची शिक्क्याची नक्कल हवी होती.

आमच्या टॉलिव्हर काउंटीत माणसं इतकी विरळ, की काउंटीच्या लिपिकालाच कोर्टाचं दप्तरही सांभाळावं लागतं. ती लिपिक मी, ग्लेनिस. लग्नाचा परवाना माझ्याकडून न्यायचा आणि लग्न मोडायचं झालं तर अर्जही माझ्याच खिडकीत द्यायचा. लोक म्हणतात, "ग्लेनिस, तुझं दुकान दोन्ही बाजूंनी चालतं." न्यायाधीशसाहेब महिन्यातून दोनदा येतात. एरवी कोर्टात मी असते आणि खिडक्या खडखडवणारा वारा असतो.

अर्लिसला इथे कोण ओळखत नाही? आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. चिली, म्हणजे राजमा-मांसाचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल, हे तिच्या हातचं जेवण खाऊन आमच्या गावाची एक अख्खी पिढी वाढली. आता निवृत्त झाली होती. मोठ्याने बोलायची, हसताना खांदे हलवायची, आणि डावा हात खांद्याच्या वर नेत नसे.

"एक नक्कल दे बाई," ती म्हणाली. "गाडीच्या लायसन्सचे नवे नियम आलेत ना. ते म्हणतात, जन्मतः सेडलाक, मग स्ट्राउड, मग परत सेडलाक, मग पाव्लिक. प्रत्येक उडीचा कागद आणा. जशी काही मी बँका लुटत हिंडले आणि गावोगाव नावं बदलली!"

"स्ट्राउडची परत सेडलाक कधी झालीस?"

"घटस्फोट झाला तेव्हा. गारांनी सगळा गहू झोपवला होता ना, त्याच वर्षी."

जुनी प्रकरणं तळघरात असतात. मी खाली जाऊन गठ्ठा काढला. तिचा अर्ज होता, तिची तरुणपणची गोल सही होती. शेरिफच्या माणसाचा शेरा होता, की नवरा पत्त्यावर सापडला नाही, समन्स बजावता आलं नाही. त्यापुढे काहीच नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी न्यायाधीशांचा चार ओळींचा हुकूम होता, पाठपुरावा न केल्यामुळे दावा खारीज. मी तिथेच दिव्याखाली उभं राहून तो पुन्हा वाचला.

"नाही सापडली नक्कल?" अर्लिसने विचारलं.

"नक्कल देते मी. पण घटस्फोट झालेला नाही, अर्लिस. दावा खारीज झालाय."

ती आधी हसली. मग टेबलाची कड धरून तिने तो कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"मग मी कोण आहे?"

"कागदावर?"

"कागदावर."

"अर्लिस स्ट्राउड."

"ते नाव घेऊ नकोस," ती म्हणाली, आणि मी दिलेलं पाणी तसंच टेबलावर ठेवून निघून गेली.

व्हर्जिल स्ट्राउड गुरांचा ट्रक चालवायचा. शनिवारच्या पोल्का नाचांना उत्तम नाचायचा. एकोणीस वर्षांच्या अर्लिसला त्याच्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. लग्नानंतर नाच थांबले आणि हात उगारणं सुरू झालं. कधी जेवण गार म्हणून, कधी ती दुकानदाराशी हसून बोलली म्हणून. शेवटी त्याने तिच्या खांद्याचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही ते नाहीच.

तिला सोडवलं ते सासूने, हेझल स्ट्राउडने. गव्हाची कापणी चालू होती, व्हर्जिल गुरं घेऊन लांब गेला होता. हेझल आपली गाडी घेऊन आली, सुनेला बॅग भरायला लावली आणि शेजारच्या काउंटीत तिच्या मावशीकडे नेऊन सोडलं. वाटेत एवढंच म्हणाली, "मी त्याची आई आहे म्हणून सांगते, परत येऊ नकोस." त्यानंतर व्हर्जिल आईशी कधी बोलला नाही. ती गेली तेव्हा मातीलाही आला नाही.

अर्लिसने आमच्या गावचा वकील गाठला, हॉलिस ब्रँट. व्हर्जिल समन्स चुकवत होता. ब्रँट म्हणाला, पेपरात जाहीर नोटीस देऊ, मग त्याच्यावाचून अडणार नाही. पुढे काही महिन्यांनी अर्लिसने मावशीकडून फोन केला तर तो म्हणाला, "झालं, मुली. तू मोकळी झालीस." तिने तारीख विचारली, त्याने सांगितली, तिने ती लक्षात ठेवली. आता कळतं, की तेव्हाच म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका अशिलाचं दुसऱ्याला सांगायचा. त्याच हिवाळ्यात तो गेला, कचेरीला कुलूप लागलं. नोटीस कधी छापलीच नव्हती. दावा खारीज झाल्याचं पत्र कोर्टाने दप्तरातल्या पत्त्यावर धाडलं, आणि दप्तरातला पत्ता व्हर्जिलच्या घराचा होता.

चार-पाच वर्षांनी तिने ऑरिन पाव्लिकशी लग्न केलं. ऑरिन उंच, अबोल शेतकरी. त्याच्याबरोबर ती आमच्या काउंटीत परत आली, कारण व्हर्जिल तेव्हा वायोमिंगच्या तेलविहिरींवर गेला होता. म्हातारपणी तो परतला आणि नदीपलीकडे एका चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहू लागला. तेव्हापासून अर्लिसने किराणा घ्यायचं गाव बदललं होतं.

त्या दिवशी ती कोर्टातून निघून थेट शेतावरच्या शेडमध्ये गेली. ऑरिन कापणीच्या यंत्राखाली पडून ग्रीस भरत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो बाहेर आला, हात पुसत राहिला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी विचारतोय. आपल्या लग्नाच्या परवान्यावर घटस्फोटाची तारीख तूच घातली होतीस."

हे सगळं अर्लिसने मला नंतर सांगितलं. "व्हर्जिलने हाड मोडलं तेव्हा मला कळत तरी होतं काय मोडलं ते," ती म्हणाली. "ऑरिनने असं विचारलं आणि काय मोडलं तेच कळेना. तीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याला मी काय पुरावा देऊ?"

ऑरिन तळघरातल्या आरामखुर्चीत झोपायला गेला. कारण सांगितलं पाठदुखीचं.

आमच्याकडे बातमी पोचवावी लागत नाही. धान्याच्या कोठारावर सकाळी म्हातारे कॉफीला जमतात. तिथे लाइल नावाचा एक वाचाळ गडी आहे. तो सगळ्यांदेखत ओरडला, "काय रे ऑरिन, दुसऱ्याची बायको उडवून आणलीस आणि इतक्या वर्षांत आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस! गुरं चोरली असतीस तर एव्हाना धरला असता." सगळे हसले. ऑरिनने कप खाली ठेवला, टोपी घातली, आणि कॉफीला जाणंच सोडलं. घरीही तो अर्लिसशी हवामान आणि गुरं याखेरीज काही बोलेना.

पुढच्या सोमवारी अर्लिस परत माझ्या खिडकीशी.

"घटस्फोटाचा अर्ज दे. कोरा."

"वकील नाही घेत?"

"वकील आहे कुठे? सगळ्यात जवळचा दीड तासावर. आणि एका वकिलाने केलंय तेवढं पुरे झालं."

तिने बाकावर बसून अर्ज भरायला घेतला. मला नियमाने एवढंच सांगता येतं, की सही इथे आणि तारीख तिथे. काय लिहायचं ते सांगता येत नाही.

"‘संसार सावरण्यापलीकडे गेला आहे’, इथे खूण करायची ना?"

"ते मी नाही सांगू शकत."

"ग्लेनिस, तुझी दोन्ही पोरं माझ्या हातचं खाऊन वाढली."

"ठाऊक आहे गं. पण उद्या कोणी म्हणालं, हे लिपिकबाईने लिहून घेतलं, तर तुझाच अर्ज अडेल."

"बरं. ‘एकत्र राहणं केव्हापासून बंद?’ इथे काय, कापणीच्या दिवसात असं लिहू?"

"वर्ष लिही."

तिने वर्ष लिहिलं. मग पेन थांबलं. अर्जावर तिचं कायद्याचं नाव हवं होतं. तिने ते लिहिलं, पण अक्षरं अशी काढली की जणू हाताला काही चिकटत होतं.

समन्स घेऊन शेरिफचा माणूस कर्टिस वेंक गेला. परत आला तेव्हा त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. "बजावलं. नाकात नळी आहे त्याच्या, प्राणवायूची टाकी शेजारी. कागद वाचला आणि हसायला लागला. हसता हसता खोकून निळा पडला."

"काही बोलला?"

कर्टिसने मागे वळून पाहिलं, कोणी नाही ना ते. "म्हणाला, ‘मला ठाऊकच होतं. कोर्टाचं पत्र मला आलं होतं ना तेव्हा. तिला कळवलं असतं तर सुटली असती.’"

त्याने तिला मारलं हे गावाला माहीत होतं. पण इतकी वर्षं गप्प राहून तो तिला धरून बसला होता, आणि ती इकडे मोकळेपणाने रोल भाजत होती, हसत होती.

अर्लिस समन्स पोचलं का ते विचारायला आली तेव्हा तिने तोच प्रश्न केला, काही बोलला का. मी सांगितलं.

"म्हणजे मी ऑरिनशी लग्न केलं तेव्हा तो कुठेतरी बसून हसत असणार."

"असेल."

"ऑरिनला सांगू नकोस. मी खोटी नाही हे त्याला व्हर्जिलकडून कळायला नको."

मी सांगितलं नाही. पण कर्टिस काही तोंड शिवून बसणारा नव्हता. दोन-तीन दिवसांनी ऑरिनच आला, टोपी हातात घेऊन.

"कर्टिसने खरंच तसं ऐकलं?"

"हो."

"मी तिला एक प्रश्न विचारला होता, ग्लेनिस."

"माहीत आहे मला."

"तो मागे कसा घ्यायचा?"

"त्याचा अर्ज माझ्याकडे नाही, ऑरिन. घरी जा."

घरी तो गेला, पण बोलला नाही. तिच्या गाडीचं तेल बदललं, अंगणातला कलता खांब सरळ केला. अर्लिस म्हणायची, "घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त करतोय. मी सोडून."

समन्स बजावल्यावर काही काळ थांबावं लागतं, तसा कायदाच आहे. सुनावणीची तारीख पडली. अर्लिसने शिवायला टाकलेला निळा ड्रेस आणला. आणि सुनावणीला आठवडा असताना तिच्या घरचा फोन वाजला.

"मिसेस स्ट्राउड?"

तिने फोन आपटला. तो पुन्हा वाजला. गावातला अंत्यविधीवाला फिच बोलत होता, भला माणूस, अगदी ओशाळून. "मिसेस पाव्लिक, माफ करा. व्हर्जिल काल इस्पितळात वारला. त्याला दुसरं कोणी नाही. कायद्याने तुम्हीच पत्नी आहात. पुढचं काय करायचं ते तुम्ही सांगायचं."

ती तशीच कोर्टात आली, स्वयंपाकाचा ॲप्रन अंगावर.

"आता काय होतं? सुनावणी?"

"सुनावणी होत नाही. दोघांतला एक गेला की दावाच संपतो. तुला घटस्फोट मिळणार नाही, अर्लिस. लागणारही नाही. तू विधवा झालीस."

"त्याची."

"हो, त्याची."

ती जुन्या न्यायाधीशांच्या तसबिरींखाली बाकावर बसली. रडली नाही. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. "एकदा मला त्याच्यासमोर उभं राहून ऐकायचं होतं, की ही बाई आता तुझी कोणी नाही. न्यायाधीशाच्या तोंडून. तेवढंही त्याने होऊ दिलं नाही."

फिचने तिला सांगितलं होतं, तिने सही नाकारली तर काउंटी प्रेत जाळून राख कुठेतरी ठेवून देईल. ऑरिन म्हणाला, "काउंटीलाच करू दे." इतक्या दिवसांत हवामान आणि गुरं सोडून तो बोललेलं ते पहिलं वाक्य. अर्लिस म्हणाली, "तुला विचारलं नाही मी."

दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हेझलच्या शेजारची जागा मोकळी आहे. तिनेच घेऊन ठेवली होती."

"तिथे त्याला ठेवणार? ज्याने आईचं तोंड पाहिलं नाही?"

"मला नाही पटत. रात्रभर भांडले मी तिच्याशी मनातल्या मनात. पण तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पोर आहे तिचं. तिने माझ्यासाठी त्याला सोडलं. मग तिला तो परत द्यायला नको?"

तिने फिचकडे जाऊन सही केली. तिने मला बरोबर चल म्हटलं, म्हणून मी मातीला गेले. फिचची दोन माणसं, पाद्रीबाबा, अर्लिस आणि मी. वारा असा, की पाद्रीबाबांना पुस्तक दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. ऑरिनने तिला पिकपने आणलं होतं, पण तो आत बसूनच राहिला, इंजिन चालू ठेवून. प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. तो चालत आला आणि टोपी काढून तिच्या मागे उभा राहिला. तिने वळून पाहिलं नाही.

पाद्रीबाबांनी विचारलं, "कोणाला मृताविषयी दोन शब्द बोलायचे आहेत?"

"नाही," अर्लिस म्हणाली. एवढंच.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की शेजारणी शिजवलेलं आणून देतात. इथे काय करावं कोणाला कळेना. विधवा तर झाली, पण नवरा तर पिकप चालवतोय. शेवटी कोणीतरी दारात नूडल्स-चिकनचं मोठं काचेचं भांडं ठेवून गेलं, भांडं परत यावं म्हणून बुडाला लावतात ती नावाची चिकटपट्टीही न लावता. अर्लिसने ते ओट्यावर ठेवलं आणि त्याकडे पाहून तिला हसू फुटलं. हसता हसता ती खाली फरशीवर बसली आणि तेव्हा ती रडली. ऑरिन तळघरातून धावत वर आला. तिच्या शेजारी फरशीवर बसायला त्याच्या गुडघ्यांनी फार कुरकुर केली, पण तो बसला. नंतर दोघांनी ते भांडं अर्धं संपवलं.

एवढ्याने मिटलं असं म्हणता येणार नाही. कायद्याच्या लेखी ती दोघं आता एकमेकांची कोणीच नव्हती. मी अर्लिसला म्हटलं, "आता अडचण नाही. या दोघं, परवाना देते."

"मी नाही विचारणार," ती म्हणाली. "शंका ज्याने घेतली त्याने विचारावं."

उन्हाळा सरला. ऑरिन तळघरात, अर्लिस वर. गव्हाच्या पेरणीची वेळ आली. एका सकाळी तो कॉफी पिऊन दाराशी घुटमळला.

"कोर्टात जायचं का? कशासाठी ते तुला माहीत आहे."

"मला माहीत होतं का, असं विचारतोयस?"

तो मानेपर्यंत लाल झाला. "चूक झाली माझी, अर्लिस."

"वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"खिडक्या बंद आहेत."

"तरी."

"चूक झाली!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की बाहेर कुत्रा भुंकायला लागला. "मला भीती वाटली होती. तुला दुसऱ्याकडे परत द्यावं लागेल असं वाटलं. वेडेपणा होता तो."

"मग तेव्हाच हे बोलायचं होतंस. तळघरात काय ठेवलंय?"

ती दोघं आली तेव्हा न्यायाधीशसाहेब कुंपणाच्या एका भांडणातून नुकतेच मोकळे झाले होते आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचा पुढचा आरोपी अजून यायचा होता. परवान्यावर अर्लिसला लिहावं लागलं, पूर्वीचं लग्न पतीच्या मृत्यूने संपलं. मरणाचा दाखला जोडावा लागला, नाव सांगावं लागलं. तिने ते सगळं स्पष्ट आवाजात सांगितलं. साक्षीदार म्हणून मी आणि कर्टिस.

साहेबांनी विचारलं, तेव्हा ऑरिन पटकन हो म्हणाला. अर्लिस गप्प. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कर्टिसने घसा खाकरला. ऑरिन तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या झेंड्याकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हो," ती शेवटी म्हणाली.

बाहेर पडताना मी तिला विचारलं, "एवढा वेळ का लावलास गं? माणूस कोसळला असता."

"पहिल्या दोन्ही वेळा पटकन म्हणाले होते," ती म्हणाली. "या वेळी विचार करून बघितला."

त्यांची पेरणी अर्धी राहिली होती आणि आभाळ भरून आलं होतं. ऑरिनने तिच्यासाठी पिकपचं दार उघडलं, ती चढून बसली, आणि दोघं शेताकडे गेली.